मी काय कपाट आहे शिफ्ट करायला?

मागच्या वर्षी मे महिन्यात मी आईला एवढंच म्हणाले होते, की आई, पावसाळ्याच्या आत तुला आमच्याकडे शिफ्ट करून टाकू. ती कोथिंबीर निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "शिफ्ट करायला मी काय कपाट आहे?"

हसले मी तेव्हा. पण ते वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच. माझं पोटच मुळात शब्दांवर आहे, दिवसभर डीटीपी करते, लग्नपत्रिकांपासून पीएचडीच्या प्रबंधांपर्यंत सगळं मराठी माझ्या बोटांखालून जातं, आणि तरी हा एक शब्द आपण कुठे कुठे घुसवलाय याचा कधी विचारच केला नव्हता. घर शिफ्ट करतो, ऑफिस शिफ्ट होतं, मीटिंग शुक्रवारवर शिफ्ट होते, शेजारची मुलगी सायन्सवरून कॉमर्सला शिफ्ट झाली, पेशंटला आयसीयूत शिफ्ट करतात, वर फर्स्ट शिफ्ट सेकंड शिफ्ट आहेच, आणि माझ्या करंगळीखाली कीबोर्डवर दोन दोन शिफ्ट आहेत त्या वेगळ्याच.

गंमत अशी की ज्यांचा हा शब्द आहे ते इंग्रज-अमेरिकन लोक घर बदलताना शिफ्ट म्हणतच नाहीत फारसं. ते मूव्ह म्हणतात. आपल्याकडे सामान नेणाऱ्या कंपनीच्या पाटीवरसुद्धा पॅकर्स ॲण्ड मूव्हर्सच लिहिलेलं असतं, पण त्या पाटीखाली उभं राहून आपण विचारतो, "शिफ्टिंगचे किती घ्याल?" तिकडे शिफ्ट म्हणजे बहुतेकदा जी गोष्ट जागची हलायला तयार नाही ती हलवणं. कपड्यावरचा हट्टी डाग शिफ्ट होतो. दुकानात पडून राहिलेला माल शिफ्ट होतो, म्हणजे खपतो एकदाचा. आपल्या अंगावरचा दोष दुसऱ्यावर शिफ्ट करतात, ज्याला आपण ढकलणं म्हणतो. म्हणजे आई अगदीच चुकली नव्हती. शब्द कपाटाचाच आहे!

पण माझ्या आयुष्यात हा शब्द आला तो हलवाहलवीच्या अर्थाने नाही. बाबा नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत होते, तीस वर्षं, तिन्ही शिफ्टमध्ये. तिवंध्याजवळच्या वाड्यात आमच्या दोन खोल्या, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅस सिलेंडरच्या तारखेशेजारी आई बारीक अक्षरात फ, से, ना लिहायची. फ म्हणजे फर्स्ट, सात ते साडेतीन. से म्हणजे सेकंड, साडेतीन ते बारा. ना म्हणजे नाइट, आणि नाइटच्या आठवड्यात घराचे कायदेच बदलायचे, दिवसा रेडिओ बंद, कुकरच्या शिट्टीने झोपमोड नको म्हणून आई डाळ पातेल्यात शिजवायची, बाबा आतल्या खोलीत खिडकीला चादर लावून झोपलेले आणि दादा नि मी बाहेर जिन्यात बसून खुणांनी भांडायचो. सेकंडच्या आठवड्यात कंपनीची बस रात्री शालिमारला सोडायची, तिथून ते चालत यायचे. जिन्याची चौथी पायरी कुरकुरली की आई उठून ताटावरचं ताट काढायची.

मला कितीतरी वर्षं सेकंड हे गावाचं नाव वाटायचं. बाबा कुठे गेलेत? सेकंडला. जसं कुणी सटाण्याला जातं तसं.

आजी बागलाणातली. ती शिफ्ट म्हणत नसे, पाळी म्हणायची. "त्याची रात्रपाळी हाये, गलका करू नका." तिच्या डोक्यात पाळी म्हणजे आधी पाण्याची. त्यांच्याकडे मोसम नदीवर जुने बंधारे आणि फड पद्धत, म्हणजे नदीचं पाणी पाटाने आणायचं आणि ते कुणाच्या शेतात कधी सोडायचं हे पाटकरी बघणार, आपली पाळी मध्यरात्री आली तर मध्यरात्री कंदील घेऊन जायचं, कुरकुर करायची नाही, कारण पाणी सगळ्यांचं आणि वेळ वाटून घेतलेली. कारखान्याचं तिला तेवढंच कळलं होतं, की तिथेसुद्धा कसली तरी पाळी असते आणि मुलगा ती धरायला जातो. मला वाटतं तिला आमच्यापेक्षा बरोबर कळलं होतं. का ते सांगते.

आईच्या त्या वाक्यानंतर एका रात्री, एका प्रबंधाचं काम संपवून झोप उडालेली असताना मी या शब्दाचा माग काढत बसले. तर जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ हलवणं नव्हताच! अर्थ होता वाटून देणं, वाटे पाडणं, नीट लावून ठेवणं. जागा बदलणं वगैरे नंतर आलं. त्याची भावंडं शेजारच्या भाषांत अजून त्याच अर्थाने नांदतायत. स्वीडिशमध्ये वारसांमधल्या वाटणीला आजही आर्वशिफ्ते म्हणतात, त्यातला शिफ्ते हा आपल्या शिफ्टचा सख्खा भाऊ. जर्मनमध्ये श्चिष्ट की शिष्त, उच्चार माझ्या तोंडात बसत नाही, त्याचा अर्थ थर पण आणि कामाची पाळी पण. इंग्रजीत कामाची शिफ्ट आली ती खाणींमधून, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एक टोळी वर आली की दुसरी खाली. म्हणजे दिवसाचे वाटे. म्हणजे पाळी. आजीचा पाटकरी आणि सातपूरचा टाइमकीपर एकाच कामाचे निघाले.

(मध्येच अजून एक सापडलं. एके काळी इंग्रज बायकांच्या आतल्या झग्याला शिफ्ट म्हणत, बदलायचा कपडा म्हणून. पुढे तोही शब्द लोकांना उघडावाघडा वाटायला लागला म्हणून त्यांनी फ्रेंच शब्द आणला. लाज वाटली की परभाषेत जायचं, ही खोड आपली एकट्याची नाही म्हणजे.)

आणि मेकशिफ्ट. जेमतेम भागवण्यासाठी केलेली सोय. याला मराठीत काय म्हणावं याचा विचार करताना माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे हलवण्या-नेण्याची क्रियापदं सामानापेक्षा संसारालाच जास्त लागतात. वेळ मारून नेतो. निभावून नेतो. काम तडीस नेतो. जमत नसेल तर पुढे ढकलतो, आणि पुढे ढकलत राहिलो की त्याची चालढकल होते, काय सुंदर शब्द आहे बघा, चालायचंही नि ढकलायचंही, आणि पोचायचं कुठेच नाही! मी आईला न्यायची चालढकल दोन पावसाळे केली होती. वाडा एका बाजूने झुकलेला, खालचे दोन भाडेकरू निघून गेलेले, दर जूनमध्ये दारावर धोकादायक इमारतीची नोटीस चिकटायची आणि आई म्हणायची, चिकटवू दे, तेवढीच भिंत धरून राहील.

शेवटी जूनच्या पहिल्या रविवारी मुहूर्त लागला. दादा-वहिनी पुण्याहून आले. वाड्याच्या बोळात छोटा हत्ती टेम्पो शिरत नाही, तो रविवार कारंजा चौकात उभा, आणि तिथपर्यंत हातगाडीच्या खेपा. तीन हमाल होते, त्यातल्या म्हाताऱ्याला बाकीचे दोघं मामा म्हणत होते. त्या मामांचं बोलणं मी दिवसभर कान देऊन ऐकलं आणि सांगते, पूर्ण दिवसात त्यांच्या तोंडी शिफ्ट हा शब्द एकदाही आला नाही. "पेल. पेल जरा. तिरकं घे. खालचा, तू दम धर. टेकव. आता सरकव, ओढू नको, सरकव म्हणलं ना!" गोदरेजचं कपाट जिन्यातून उतरेना. ते १९८४ साली वर चढलं कसं हे कुणालाच आठवेना. मग मामांनी ते सज्जातून सोडायचं ठरवलं, आडव्याला गोणपाट, त्यावरून दोर, दोघं वर दोर सोडत आणि मामा खाली दोन्ही हात वर करून उभे, कपाट हवेत स्वतःभोवती हळूहळू फिरतंय आणि त्याच्या आरशात कधी समोरचा वाडा, कधी आभाळ, कधी आई. मामा खालून एकच शब्द म्हणत होते. "येऊ दे. येऊ दे. येऊ दे."

कपाटालासुद्धा ये म्हणतात हो.

ज्याच्या अंगावर वजन येतं तो माणूस एवढ्या ढोबळ शब्दाने काम भागवू शकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ओढणं आणि सरकवणं यात चूक झाली तर त्याचं बोट जातं. बाजार समितीत कांद्याच्या हिशोबपट्टीवर बघा, हमाली वेगळी, तोलाई वेगळी, वाराई वेगळी, उचलणं एक, मोजणं एक, त्यावरून भांडणं होतात, संप होतात, पण कामाला नाव आहे. माथाडी हा शब्दच माथ्यावरून आला, आणि १९६९ साली महाराष्ट्राने त्या नावाने कायदाच केला. आपल्या बिलावर मात्र एका ओळीत शिफ्टिंग चार्जेस. त्यात माथा कुठेच नाही.

जुन्या नाशकात तसंही हलवण्याची भाषा आधीपासून बारीक आहे, ती गोदावरीने शिकवलेली. पाणी चढायला लागलं की सगळ्यांची नजर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, आणि कमरेच्या वर गेलं की भांडीबाजार, सराफ बाजारात एकच वाक्य, माल वर घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती अख्खा बुडाला होता तेव्हा आमच्या ओळखीच्या एका भांडीवाल्यांनी रात्रीतून पिंप, हंडे, परातींच्या चळती माळ्यावर घेतल्या होत्या. वर घेणं. शिफ्ट नाही. कारण हे खाली परत येणार आहे हे त्या क्रियापदातच आहे.

देव मात्र आईने कुणालाच हात लावू दिले नाहीत. आदल्या रात्री पूजा करून तिने टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा एकेक उचलून पाटावर ठेवले. मी विचारलं, आत्तापासून कशाला? तर म्हणाली, सकाळी माणसं येतील, त्यांच्या आधी ते निघालेले बरे. गणपतीच्या उत्तरपूजेला नाही का, अक्षता टाकून मूर्ती जागेवरून नुसती बोटभर हलवायची, की झालं विसर्जन, नदीपर्यंत पुढे नेतो ती नुसती माती. त्या बोटभर हलण्यात सगळं जाणं असतं. सकाळी ती देवांची पिशवी मांडीवर घेऊन छोट्या हत्तीत ड्रायव्हरशेजारी बसली. आमच्या गाडीत ये म्हटलं तर नाही. सीबीएस, मुंबई नाका, इंदिरानगर, सगळा रस्ता सामानाच्या पुढे ती. नंतर मला ड्रायव्हरने सांगितलं, आजी काही बोलल्या नाहीत, फक्त प्रत्येक स्पीडब्रेकरला हळू म्हणायच्या.

आणि वाटणी? ती झालीच, आम्ही तिला वाटणी म्हणालो नाही एवढंच. दादा म्हणत होता, "यातलं काय काय तुझ्याकडे शिफ्ट करायचं आणि काय माझ्याकडे, ते बघून घेऊ." मला तेव्हा त्या जुन्या अर्थाची आठवण होऊन हसू आलं. शब्द हजार वर्षं फिरून आमच्या ओट्यावर परत मूळ कामाला लागला होता! तांब्याचा बंब वहिनीला हवा होता, हॉलमध्ये ठेवायला. घ्या. पितळी डबे अर्धे अर्धे. शिवणयंत्र मला. सगळं समजुतीत चाललं होतं आणि गाडी अडली ती पाटा-वरवंट्यावर.

पाटा कुणालाच नको होता, खरं तर. वरवंटा दोघांना हवा होता. आमच्या दोघांच्या बारशाला तोच वरवंटा अंगड्यात गुंडाळून बायकांनी पाळण्याच्या खालून-वरून फिरवला होता, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. माझ्या मुलीच्या वेळीही तोच होता, दादाच्या मुलीच्या वेळीही तोच. इकडच्या हातातून तिकडच्या हातात. दादाची मुलगी आता सातव्या महिन्यात होती. दादा काही बोलला नाही, नुसता वरवंटा हातात घेऊन त्याचं वजन बघत राहिला, पन्नाशी उलटलेला माणूस. मी म्हटलं, अरे पण पाट्याशिवाय वरवंटा नेतात का कुठे? आई म्हणाली, "वाटण आता मिक्सरमध्येच होतं. ज्याच्या घरी पाळणा त्याच्याकडे वरवंटा. पाट्यावर मी कुंडी ठेवीन." झाला निकाल. दादाने तो टॉवेलमध्ये गुंडाळला आणि पुण्यापर्यंत मांडीवर घेऊन गेला असं वहिनी नंतर फोनवर म्हणाली. एकाच गाडीतून निघाले नसले तरी मायलेकांची नेण्याची तऱ्हा तीच.

कीबोर्डबद्दल लिहायचं राहिलं. मी टायपिंग शिकले ते मशीनवर, अशोक स्तंभाजवळच्या एका क्लासमध्ये, मराठी तीस, मग चाळीस. त्या मशीनवर शिफ्ट दाबली की खरंच काहीतरी हलायचं, खाडकन, आणि करंगळी संध्याकाळपर्यंत दुखायची. १८७८ च्या रेमिंग्टन नंबर दोनवर ही कळ आली, त्याआधीच्या यंत्रावर नुसती मोठी अक्षरंच उमटायची, लहान लिपी नाहीच. एका दांडीवर दोन अक्षरं बसवली आणि शिफ्ट दाबली की अख्खा गाडा जागचा हलून दुसरं अक्षर कागदासमोर येणार, म्हणून नाव शिफ्ट. आता काहीच हलत नाही, नाव राहिलंय. पण इन्स्क्रिप्टवर, म्हणजे संगणकाच्या मराठी कळफलकावर, काम करताना मला ती कळ अजून आवडते. क वर शिफ्ट दाबली की ख, ग चा घ, प चा फ, ब चा भ, नुसता श्वास वाढतो. ल वर दाबली की ळ. आणि शिफ्ट हा शब्द लिहायला शिफ्ट दोनदा दाबावी लागते, एकदा श साठी, एकदा फ साठी. हे लिहिताना आत्तापर्यंत किती वेळा झालं असेल, करंगळीला विचारा.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललंय माझं. लिहितेच.

आई कपाट का म्हणाली ते मला बऱ्याच उशिरा कळलं. चार वर्षांपूर्वी बाबांच्या वेळी दादाचा फोन आला होता, "बाबांना आयसीयूत शिफ्ट केलंय." त्या वाक्यात कुणी केलं ते नाही, कसं केलं ते नाही, नुसतं केलंय. मी पोचले तेव्हा त्यांना एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर घेत होते, चौघांनी चादरीचे चार कोपरे धरलेले, एक दोन तीन, आणि त्यांचा एक हात चादरीबाहेर लोंबत राहिला तो नर्सने हलकेच आत घेतला. तिथवर ठीक होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे सगळं संपल्यावर काउंटरवरच्या मुलाने, वाईट नव्हता तो, झोपेतून उठून आलेला, फॉर्म पुढे करत विचारलं, "बॉडी कुठे शिफ्ट करायचीये?" दादा सही करत होता. मी पैसे मोजत होते. आम्हाला दोघांनाही त्यात काही खटकलं नाही. आई बाकावर बसली होती, ती तेवढ्यासाठी उठून काउंटरपाशी आली आणि म्हणाली, "घरी नेणार आहोत त्यांना."

मी तेव्हा ते नुसतं उत्तर समजले होते.

आमच्याकडे येऊन तिला आता वर्ष होत आलं. पहिले काही दिवस जरा जड गेले, पाणी कुठल्या नळाला किती वाजता हेच तिला कळेना, चोवीस तास येतं म्हटलं तर विश्वास बसेना. पाटा गॅलरीत आहे, त्यावर तुळस. काम करणारी मावशी फरशी पुसताना तो पायाने सरकवते आणि आई रोज तो परत दोन बोटं आत घेते, त्यावरून दोघींची जुजबी बाचाबाची होते, ती आता दोघींना सवयीची झालीये. वाडा दिवाळीनंतर उतरवला. बघायला येतेस का विचारलं तर नको म्हणाली.

अंबड एमआयडीसी आमच्या घरापासून लांब नाही. दुपारी आई गॅलरीत खुर्ची टाकून बसते, मी आत काम करत असते. साडेतीन वाजून गेले की खालच्या रस्त्याने कंपन्यांच्या बसेस जायला लागतात, खिडक्यांतून डबे, पेंगणारी डोकी. आई बाहेरूनच मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणते, "फर्स्ट सुटली गं." आणि मग उठून चहा टाकते.